आईची पाठ आणि चाकाचा आऊट

दिवाळीत मुलांना भुईचक्रे आणून देणाऱ्या प्रत्येक बापाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एकाच खोक्यातली दहा भुईचक्रे सारखी म्हणून नसतात. एखादे जागच्या जागी असे गरगरते, की फरशीवर नुसता उजेडाचा वाटोळा डाग दिसावा. आणि एखादे पेटल्याबरोबर लंगडत अंगणभर धावत सुटते आणि नेमके आजीच्या खुर्चीखाली शिरते. दारू तीच, कागद तोच, गुंडाळणारे हातही बहुधा तेच. फरक इतकाच, की एकाचा मध्य मध्यावर असतो आणि दुसऱ्याचा तसूभर सरकलेला असतो. मोटारीच्या चाकाची गोष्ट याहून निराळी नाही. मात्र भुईचक्राचा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो, आणि चाकावर आपले सगळे घर बसलेले असते.

या सदरात वर्षभर आपण बॅटरी, ब्रेक, रेडिएटर असल्या रुक्ष गोष्टी बोललो. दिवाळी अंकाला तरी काही गोड द्या, अशी संपादकांची सूचना आली. माझ्यापाशी गोड म्हणण्यासारखी एकच हकीकत आहे, आणि तीही साताऱ्याच्या कंदी पेढ्यांच्या पुड्यापासून सुरू होते म्हणून गोड.

माझी धाकटी बहीण सांगलीला दिली आहे. सातारा सोडले, की उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा आणि मग सांगली. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. महिन्या-दीड महिन्यातून आईला लेकीकडे पोचवायचे आणि आठवड्याने परत आणायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. आईची जागा ठरलेली: मागच्या बाकावर, डाव्या खिडकीपाशी, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यानंतर कधीतरी आई म्हणाली, "अरे, माझ्या पाठीला कुणीतरी बारीक बारीक टिचक्या मारतंय."

मी चाक धरलेल्या दोन्ही हातांकडे लक्ष दिले. स्टिअरिंग अगदी शांत. शेजारी सौभाग्यवती, त्यांनाही काही जाणवत नव्हते. "रस्ता खराब आहे, आई," असे मी सांगून टाकले. रस्ता चांगला लागला तेव्हा तिने पुन्हा तेच सांगितले. मग मी म्हटले, "वय झालं, पाठ धरली असेल."

पुढच्या खेपेला तिने निराळाच पुरावा दाखवला. "हे बघ, पुड्याचा कागद कसा वाजतोय." कागद खरोखरच फरफर वाजत होता. मी खिडकीची काच वर केली आणि वारा बंद झाला, असे समाधान करून घेतले. कागद वाजायचा थांबला नव्हता, हे मला आता आठवते. तेव्हा मी तिकडे लक्षच दिले नाही.

यानंतर उपाय झाले, ते सगळे पाठीवर. डॉक्टरांनी फोटो काढला आणि वयाला धरून आहे, विशेष काही नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. कमरेचा पट्टा आणला. गाडीत उशी आली. मनाची खात्री असावी म्हणून एकदा चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली, पुन्हा दोन महिन्यांनी नुसते बॅलन्सिंग. दोन्ही वेळा यंत्राच्या पडद्यावर शून्ये उमटली आणि मी ती शून्ये घरी येऊन आईला मोठ्या विजयाने सांगितली. ती काही बोलली नाही. गणपतीत मात्र म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी नाही येत." दिवाळीतही तेच.

भाऊबीजेला बहिणीने मला ओवाळले आणि तबक खाली ठेवता ठेवता विचारले, "दादा, आई माझ्यावर रागावलीय का रे?" मी पाठीचे सांगितले. तिला ते पटले नाही. कारण सांगलीत असताना आईची पाठ कधी दुखल्याचे तिला आठवत नव्हते. घरात दिवसभर वाकून तुळशीपाशी रांगोळी घालणारी बाई, गाडीत बसली की तिची पाठ दुखते, यात काहीतरी चुकते आहे, हे तिला कळले आणि मला कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मेहुणे मला त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे घेऊन गेले. पलूस भागातल्या कारखान्यांत लेथवर उमेदीची वर्षे घालवून त्यांनी उतारवयात मोटारींचा छोटा वर्कशॉप काढला होता. मी त्यांना सगळी कुंडली वाचून दाखवली: कुठे काय तपासले, कोणत्या पावतीवर काय लिहिले आहे. त्यांनी पावत्या बघितल्याच नाहीत. एवढेच विचारले, "थरथर कुणाला लागती?"

"आईला."

"त्या बसत्यात कुठं?"

"मागे, डावीकडे."

"आन् तुम्ही तपासलं कुठं? स्टिअरिंगवर!" असे म्हणून ते स्वतः मागच्या डाव्या जागेवर जाऊन बसले आणि मला तासगावच्या रस्त्याला गाडी काढायला सांगितली. साठपर्यंत गप्प होते. सत्तरच्या पुढे गेल्यावर त्यांनी तळहात बाकावर सपाट ठेवला. ऐंशीला म्हणाले, "आईसाहेब बरोबर सांगत हुत्या. फिरवा गाडी."

वाचकहो, मेस्त्रींनी त्या पंधरा मिनिटांत जे केले, ते कोणत्याही घरच्या माणसाला करता येण्याजोगे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गाडी ठराविक वेगाला थरथरते तेव्हा पहिला प्रश्न 'का' हा नसून 'कुठे' हा असतो. पुढच्या चाकातला दोष स्टिअरिंगवाटे चालवणाऱ्याच्या हातात येतो. मागच्या चाकातला दोष बाकावाटे आणि फरशीवाटे बसणाऱ्याच्या पाठीत आणि पायांत जातो. मागच्या बाकावरचे माणूस जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच बसलेले असते. त्याला जे कळते ते पुढच्याला कळायचे कारण नाही. नुसता ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल, तर चाके सोडून ब्रेकच्या तबकड्यांकडे पाहावे. वेगाबरोबर वाढत जाणारा घुमणारा आवाज असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. आणि एका वेगाला सुरू होऊन त्याच्या पुढेमागे कमीजास्त होणारी थरथर असेल, तर चाक आणि टायर यांचीच झडती घ्यावी.

"पण बॅलन्सिंग दोनदा झालंय," मी म्हटले.

"वजन सारखं झालं. वाटोळं झालं का?"

या एका वाक्यात सारे मर्म आहे. बॅलन्सिंगचे यंत्र चाक हवेत फिरवते आणि कुठल्या अंगाला वजन कमी आहे ते ग्रॅममध्ये सांगते. तेवढा शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा तिथे लावला, की काम झाले. यंत्रावर चाकाला रस्ता नसतो आणि गाडीचा भार नसतो. लंबवर्तुळाकार चाकालाही वजने लावून हवेत डौलाने फिरवता येईल. ते जमिनीला टेकले, की मात्र फेऱ्यागणिक गाडी उचलू लागेल. लहान मोटारीचा टायर साधारण साठ सेंटिमीटर व्यासाचा धरा. ताशी ऐंशी किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे बारा फेरे घेतो. त्याच्या परिघावर एकच उंचवटा असला, तरी सेकंदाला बारा टिचक्या बसल्या. साताऱ्याहून सांगलीला पोचेपर्यंत चाकाचे सासष्ट हजारांवर फेरे होतात. आमच्या आईच्या पाठीचा हिशोब आता वाचकांनीच करावा.

या दोषाला इंग्रजी पुस्तकांत 'रनआऊट' म्हणतात. क्रिकेटशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडचा सायकल दुरुस्त करणारा पोरगा त्याला नुसता 'आऊट' म्हणतो, आणि तो कसा काढायचा हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. सायकल उलटी ठेवून तो चाक फिरवतो, चिमट्याला टेकवून खडू किंवा बोट रिमपाशी स्थिर धरतो आणि जिथे घासेल तिथली तार कमीजास्त आवळतो. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो बाजूचा आऊट; वरखाली उडत असेल तर तो उंचीचा. कुंभारही हेच करतो. फिरत्या मातीपाशी बोट निश्चल ठेवले, की माती मध्यावर बसली आहे की नाही ते बोटाला आधी कळते आणि डोळ्याला मागाहून.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेले टायर बसवले. त्याच १८८८ सालापासून बेळगावच्या सायकलच्या दुकानातून किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात मोजतात. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनापाशी, लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. इकडे सातारा रोडला कूपरच्या कारखान्यात इंजिने तयार झाली. सायकल काय, पंप काय आणि इंजिन काय, जे जे फिरते त्याचा मध्य चुकून चालत नाही. पंपाच्या दांड्यात आऊट राहिला, तर बेअरिंग बसते आणि पाणी गळू लागते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या लेथवर काम केलेल्या कारागिराला काटा लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, अशी सवयच लागते.

हा काटा म्हणजे डायल गेज. दिसायला खिशातल्या घड्याळासारखा. खाली एक बारीक दांडी असते; ती एक मिलिमीटर आत दबली, की काटा तबकडीवर पुरा एक फेरा घेतो. तबकडीवर शंभर घरे असतात, म्हणजे एक घर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे. मेस्त्रींनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता, आणि वर पाडव्याच्या पूजेचे हळदकुंकू तसेच होते.

गाडी नुकतीच फिरून आली होती, हे बरेच झाले. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या जागी किंचित चपटे बसतात, आणि थंड टायर मोजला तर नसलेला दोष दिसतो. चार-आठ दिवस बंद असलेल्या गाडीची पहिल्या काही किलोमीटरांतली थडथड बहुधा याचीच असते. ती आपोआप जाते. मेस्त्रींनी चारही टायरांत हवा पुस्तकात दिली आहे तेवढी केली, मागची बाजू जॅकवर उचलून खाली घोडे लावले आणि टायरच्या माथ्यावर मधोमध कागदी चिकटपट्टी गोल फिरवली. नाहीतर गेजची दांडी नक्षीच्या खाचांत अडखळते. गेज पक्क्या बैठकीवर बसवून दांडी पट्टीला टेकवली आणि चाक हाताने, दळण दळावे तसे संथ फिरवायला सुरुवात केली.

उजव्या चाकाचा काटा पाऊण मिलिमीटरच्या आत हलला. "हे सोडा," मेस्त्री म्हणाले. नेमकी मर्यादा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. साधारणपणे रिम आणि टायर मिळून एक-दीड मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. डाव्या चाकाचा काटा निघाला तो एक फेरा संपवून दुसऱ्यात शिरला आणि तिसरा पुरा होता होता मागे वळला. जवळजवळ तीन मिलिमीटर! मेस्त्रींनी सर्वांत उंच जागेवर खडूने उभी रेघ ओढली.

मी उत्साहाने म्हटले, "म्हणजे टायर गेला."

"कशावरनं? रिम वाकडा असंल. रिम सरळ आन् हब वाकडा असंल. आतापतूर आईंच्या पाठीवर आळ घेतला, आता टायरवर घेता?"

मी गप्प बसलो.

चोर शोधण्याची रीत अशी. टायर रिमवर बसतो आणि रिम हबवर बसते. आऊट या तिघांपैकी कुणाचाही असू शकतो किंवा तिघांचा मिळून. म्हणून बाहेरून आत यायचे. टायर मोजला, आता रिमची कड मोजायची. आमची रिम अर्ध्या मिलिमीटरच्या आत निघाली. म्हणजे खड्ड्यात आपटून वाकलेली नव्हती. मग चाक काढून हबचा चेहरा मोजायचा. इथे काटा जेमतेम तीन घरे हलला. हब आणि रिम यांच्यामध्ये गंज किंवा मातीचा खडा राहिला, तरी चाक तिरपे बसते आणि बाजूचा आऊट येतो, म्हणून मेस्त्रींनी तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग घासून पुन्हा मोजले. कुठे संशय राहिला, तर आणखी एक युक्ती आहे. चाक काढायचे, दोन नटांची घरे सोडून फिरवून बसवायचे आणि पुन्हा मोजायचे. उंच जागा चाकाबरोबर सरकली तर दोष चाकाचा. ती हबपाशीच राहिली तर दोष हबचा.

काही वेळा टायरची उंच जागा आणि रिमची उंच जागा नेमक्या एकावर एक आलेल्या असतात. तेव्हा काहीही न बदलता काम होते. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या सखल भागावर येतो आणि दोघांचे भांडण परस्पर मिटते. नव्या टायरवर लाल ठिपका दिसतो, तो बहुधा हीच उंच जागा दाखवण्यासाठी असतो. पिवळा असेल तर ती हलकी बाजू असते आणि ती हवेच्या नळीपाशी ठेवतात.

आमच्या टायरचे भांडण मिटण्यातले नव्हते. मेस्त्रींनी खडूच्या रेघेवर माझा तळहात ठेवून तो दोन्ही बाजूंना फिरवायला लावला. रेघेपाशी टायरचा माथा मऊ फुगीर लागत होता. बाहेरून नक्षी शाबूत, पण आतले पोलादी तारांचे पट्टे रबरापासून सुटू लागले होते. टायरच्या अंगावरचा चार आकडी शिक्का त्यांनी वाचून दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर सात वर्षांपूर्वीचा होता.

"झीज कुठं दिसत न्हाई म्हणून तुम्ही ठेवला," ते म्हणाले. "ह्यो असाच पळवला असता, तर उन्हाळ्यात हायवेला कधीतरी साल सोलल्यागत माथा उडाला असता. आईंनी सहा म्हैने हाळी दिली तुम्हाला."

मी वर्कशॉपच्या दारातल्या बाकावर बसलो. आई ज्या जागी बसत होती, तिच्याखालीच तो टायर होता. गणपतीपासून ती गाडीत नव्हती. पण त्या जागेवर माझी मुलगी बसून आली होती.

मागचे दोन्ही टायर नवे घेतले. मेस्त्रींनी ते चढवून पुन्हा काटा लावला, नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळले आणि बॅलन्सिंग सर्वांत शेवटी केले. आधी वाटोळे, मग समतोल. हा क्रम उलटा केला की दोषावर वजनांचे पांघरूण बसते.

घरी गेज असण्याचे कारण नाही, पण चार गोष्टी कुणालाही करता येतात. महिन्यातून एकदा चारही टायरांच्या माथ्यावरून आणि कडांवरून तळहात फिरवावा. कडेवर बाहेर आलेला फुगा दिसला, तर आतले धागे तुटले आहेत असे समजून तो टायर त्याच दिवशी काढावा. कडेवरची उथळ खळगी मात्र बहुधा सांध्याची असते, तिला भिऊ नये. फुगा नसेल आणि थरथर मागून येते असे वाटत असेल, तर मागची चाके पुढे आणि पुढची मागे बसवून पाहावीत. थरथर पाठीतून हातात आली, तर दोष चाकाबरोबर फिरला, हे विनाखर्च कळते. बॅलन्सिंग करताना यंत्रापाशी उभे राहून टायरच्या माथ्याकडे बघावे. पडद्यावर शून्ये आली तरी माथा वरखाली उडत असेल, तर आऊट मोजायला सांगावे.

साताऱ्याला परतल्यावर मी आईला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग पाठ माझी बरी आहे ना?" मी म्हटले, "तुझी पाठ बरी आहे. बाकी सगळ्यांची डोकी तपासायला हवीत." पुढच्याच आठवड्यात ती सांगलीला निघाली. कऱ्हाड मागे पडले आणि मी सवयीने आरशात पाहिले. ती खिडकीला डोके टेकून झोपली होती, आणि मांडीवरच्या पुड्याचा कागद गप्प होता.

कमरेचा पट्टा वाया गेला नाही. दर महिन्याला चारही टायरांवरून हात फिरवण्यासाठी वाकून वाकून माझी कंबर धरली आहे. तो आता मी वापरतो.